आठ महिने झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीवरचे शेवाळ आणि बुरशी

नवापूर परिसरातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची पांढरी छोटी गाडी फेब्रुवारीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत अंगणात, आंबा आणि कडुलिंब यांच्या मधोमध, कुंपणाच्या भिंतीला लागून उभी होती; घरातील आजारपणामुळे ते स्वतः एवढे दिवस पुण्यात अडकले होते. परत आल्यावर पाहतात तो छतावर आणि बोनेटवर काळपट, खरखरीत थर बसलेला, दारांच्या काचांच्या रबरांवर हिरवा लेप चढलेला, मागच्या काचेच्या खालच्या कडेला मखमलीसारखे पुंजके उगवलेले आणि दार उघडल्यावर आतल्या बीडिंगवर, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीवर, काळे ठिपके पडलेले. शेजाऱ्यांनी ब्लीचिंगचे पाणी मारायला सांगितले, ओळखीच्या मिस्त्रीने डिझेलची फवारणी सुचवली आणि भाच्याचे म्हणणे असे की वॉशिंग सेंटरवर फोर्सच्या पाण्याने दहा मिनिटांत सगळे निघेल. यांपैकी काय करावे आणि रंग कायमचा गेला आहे का, असे ते विचारतात.

सर, तिन्ही सल्ले बाजूला ठेवावेत अशी माझी पहिली विनंती आहे. मी जळगावात गाड्या धुण्याचे आणि पॉलिशचे काम करतो, आणि दरवर्षी पावसाळा सरला की नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूने अशा गाड्या येऊ लागतात. दार उघडताच मालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते: "भाऊ, गाडी हिरवी व्हई गयी." जळगाव, भुसावळकडच्या गाड्यांना हा त्रास त्या मानाने कमी होतो, कारण आमच्याकडे पाऊस तुटक असतो आणि मधल्या उघडिपीत पत्रा वाळतो, आपल्या नंदुरबार भागात, सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कुशीत मात्र पाऊस जास्त असतो आणि झाडाखालची गाडी आठवडेच्या आठवडे ओलीच राहते.

उपाय ठरवण्याआधी गाडीवर नेमके काय उगवले आहे हे ओळखायला हवे, कारण आपण "शेवाळ" या एकाच शब्दात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी बसवतो आणि मग एकाचे औषध दुसऱ्याला लावतो. रबरावरचा पातळ, ओला असताना बुळबुळीत आणि वाळल्यावर हिरव्या भुकटीसारखा होणारा लेप म्हणजे खरे शेवाळ. त्याला वाढायला पाणी, उजेड आणि धुळीतले थोडे क्षार पुरतात. गाडीच्या रंगातून ते काहीही खात नाही. काचेच्या कडेचे मखमली पुंजके म्हणजे हरिता, जी आपल्या विहिरींच्या कठड्यांवर आणि जुन्या कौलांवर दिसते. तिला खरी मुळे नसतात, केसांसारखे धागे असतात, आणि ते धागे रंगात न शिरता साचलेल्या धुळीला धरून बसतात. ही गोष्ट दिलासा देणारी आहे: धूळ निघाली की हरिताही निघते. बीडिंगवरचे काळे ठिपके ही बुरशी, आणि ती मात्र रबराच्या पृष्ठभागावरील मळावर व त्यातल्या तेलकट घटकांवर पोसली जाते, म्हणून तिचा डाग सर्वांत चिवट असतो. चौथी वस्तू आपण पाठवलेल्या छायाचित्रांत मला दिसली नाही, पण दोन-तीन वर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांवर ती हमखास सापडते: राखी-हिरवट, कडा मुडपलेली चकती. हे दगडफूल, काळ्या मसाल्यात टाकतो त्याच कुळातले. त्यात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदत असतात, ते आम्ले सोडते आणि रंगावर खूण ठेवून जाते. म्हणून ते कोरडे असताना नखाने किंवा पट्टीने कधीही खरवडू नये.

छतावरच्या काळ्या थराची कथा वेगळी आहे, आणि कापूस लावणाऱ्या कोणालाही ती लगेच कळेल. मावा पडलेल्या कपाशीवर आधी चिकटा येतो आणि मग त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. आपल्या गाडीवर हेच घडले आहे. फेब्रुवारीत आंबा मोहरलेला होता आणि मोहरावर तुडतुडे होते. ते झाडाचा रस पितात आणि त्यातली जास्तीची साखर थेंबांच्या रूपाने खाली सोडतात. ते थेंब छतावर वाळले, उन्हाळ्यात धूळ बसून कडक झाले आणि मृगाच्या सरींनी ओलावा मिळताच त्यांवर काजळीसारखी बुरशी वाढली. ही बुरशी रंगावर नव्हे तर त्या साखरेवर जगते, आणि साखर पाण्यात विरघळते; त्यामुळे जो भाग आपल्याला सर्वांत भीतिदायक वाटतो आहे तो प्रत्यक्षात सर्वांत सहज निघणारा आहे. अर्थात थराखाली थोडा डिंक किंवा पक्ष्यांची विष्ठा असेल तर तिथे खूण राहू शकते.

आता मिळालेल्या सल्ल्यांविषयी. ब्लीचने शेवाळ मरते यात शंका नाही, परंतु ते रबर कोरडे आणि पांढुरके करते, काळ्या प्लॅस्टिकचा रंग उतरवते आणि ॲल्युमिनियमच्या व चकचकीत पट्ट्यांवर बारीक खड्डे पाडते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या चारही दारांची रबरे मी ब्लीचच्या पाण्याने स्वच्छ केली होती. संध्याकाळी ती नव्यासारखी दिसली, आणि महिन्याभरात राखेच्या रंगाची होऊन कडांना भेगा पडल्या. चारही पट्ट्या मी पदरमोड करून बदलून दिल्या. यापेक्षाही गंभीर धोका असा की ब्लीचमध्ये शौचालय धुण्याचे आम्लयुक्त द्रावण किंवा अगदी व्हिनेगर मिसळले तरी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद पोर्चमध्ये तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. डिझेलमुळे मळ सुटतो हे खरे. पण दाराखिडक्यांना वापरलेले रबर खनिज तेलाने फुगते आणि ढिले पडते, शिवाय मागे राहिलेला तेलकटपणा पुढच्या धुळीला धरून ठेवतो. जळके ऑईल, खोबरेल तेल, व्हॅसलीन यांनाही हेच लागू आहे, जरी खोबरेल लावलेले रबर पहिले आठ दिवस फार सुरेख दिसते.

फोर्सच्या पाण्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण तो सल्ला पूर्ण चूक नसून त्याची वेळ चुकीची आहे. आपण सुरुवातीलाच दाबाचे पाणी मारले, तर काचेच्या खाचेत बसलेली हरिता, तिच्याखालची धूळ, कडुलिंबाच्या काड्या आणि फुलांचा भुगा हे सगळे गाडीच्या बाहेर पडण्याऐवजी खाली दाराच्या पोटात जाते. दाराच्या आत पाणी जाणे हे दोष नाही. काचेवरून घरंगळलेले पाणी आत जातेच आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. त्या छिद्रांत चिखल बसला की पाणी आत साठते, आणि मग दार हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. पुढच्या वर्षी दाराच्या खालच्या शिवणीतून तांबूस ओघळ दिसू लागतात. म्हणून आधी उचलायचे, मग भिजवायचे, मग पुसायचे आणि शेवटी धुवायचे, हा क्रम मोडू नये.

कामाला सकाळी लवकर बसावे. ऑक्टोबरच्या उन्हात अकरा वाजल्यानंतर पत्रा इतका तापतो की कोणतेही द्रावण मिनिटभरात वाळते आणि त्याचे डाग धुण्याला पुरून उरतात. तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे असावेत, विशेषतः बुरशीच्या कामात. सामान फार लागत नाही: दोन बादल्या, गाडीचा साधा शाम्पू, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, एक मऊ केसांचा रंगाचा ब्रश, दोन जुने टूथब्रश, अगरबत्तीच्या जाडीच्या बांबूच्या काड्या आणि पाणी फवारण्याची बाटली. भांड्यांची हिरवी घासणी, काथ्या आणि तारेची घासणी घरातच ठेवावी. कपडे धुण्याची पावडरही नको, कारण ती मेण आणि पॉलिश धुऊन नेते आणि रबर रुक्ष करते.

पहिल्या तासात बादलीला हात लावू नये. बोनेट उघडून काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली असलेली जाळी पाहावी. कडुलिंबाची पाने या जाळीवर अडकतात आणि हाताने उचलता येतात. चिंचेचा पाला मात्र इतका बारीक असतो की जाळीतून थेट आत पडतो, त्यामुळे चिंचेखाली उभी राहणारी गाडी असेल तर जाळी काढूनच साफ करावी लागते. एसीची हवा याच मार्गाने आत जाते. इथे कुजलेला पाला असेल तर एसी लावताच ओल्या गोणपाटासारखा वास येतो, आणि तसे असेल तर केबिनचा एअर फिल्टरही बदलावा. पाला हाताने आणि मग व्हॅक्यूमने काढावा. त्यानंतर छताच्या दोन्ही बाजूंच्या पन्हळी, मागच्या दाराभोवतीची पन्हळ, टेल लॅम्पच्या फटी, नंबर प्लेटच्या मागची जागा आणि खिडक्यांवर वायझर (पाऊस अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) असल्यास त्यांच्या आतल्या कडा, एवढ्या ठिकाणी काडी फिरवावी.

हरिता उचलण्याची एक युक्ती आहे आणि ती सवयीने जमते. पूर्ण वाळलेली हरिता काडी लावताच भुगा होऊन खाचेत उतरते; चिंब भिजवलेली हरिता चिखल होऊन वाहते; पण फवाऱ्याने दोनदा पाणी मारून पाच-सात मिनिटे थांबले तर ती पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओलसर होते, आणि मग काडीचे टोक एका बाजूने खाली सरकवले की गालिच्यासारखी सलग उचलली जाते. गेल्या महिन्यात एका गाडीच्या मागच्या काचेखालून मी अशी वीतभर पट्टी अखंड काढली. तिच्या खालच्या अंगाला काळ्या मातीचा दोन मिलिमीटरचा थर होता आणि त्यात पिंपळाचे करंगळीएवढे रोप मुळासकट उभे होते. मालकांनी ते कुंडीत लावले म्हणतात. पट्टी निघाल्यावर खाचेत जे काळे काही राहते ते टूथब्रशने बाहेरच्या दिशेने ओढावे, आत ढकलू नये, आणि प्रत्येक ओढीनंतर ब्रश पाण्यात बुडवून झटकावा. ज्या रबराच्या आतल्या बाजूला मखमलीसारखा फेल्ट चिकटवलेला असतो, तिथे हात हलका ठेवावा, कारण तो फेल्ट एकदा निघाला की काच वरखाली होताना करकरते.

यानंतर दारांच्या खालच्या कडेची छिद्रे मोकळी करावीत. दार उघडून खाली वाकून पाहिले की दोन-तीन अरुंद फटी दिसतात. प्लॅस्टिकच्या केबल टायचे टोक त्यात फिरवले तरी पुरते. तार घालू नये, आतला रंग खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सनरूफ असलेल्या गाड्यांना चौकटीच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या बारीक नळ्या असतात, आणि त्यांत शेवाळ अडकले तर पाणी छताच्या अस्तरातून आत येते. आपल्या गाडीला तो नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: त्या नळ्यांत कॉम्प्रेसरची हवा मारू नये. चोपड्याच्या एका गाडीत तसे करताना खांबाच्या आत नळीचा सांधाच निसटला होता, आणि पुढच्या पावसात पायाखालचा गालिचा भिजला, तेव्हा ते कळले.

आता पाणी. छतापासून खालपर्यंत साध्या पाइपने भरपूर पाणी सोडावे आणि काळा थर वीस मिनिटे ओला राहील अशी व्यवस्था करावी. त्यासाठी जुनी सुती चादर शाम्पूच्या कोमट पाण्यात बुडवून छतावर पसरवणे हा माझा आवडता उपाय आहे. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतके, उकळते नव्हे. चादर उचलल्यावर खाली तपकिरी, गुळवण्यासारखे पाणी दिसेल. ते ओघळू द्यावे, पुन्हा पाणी सोडावे आणि मगच मायक्रोफायबरचे फडके सरळ रेषेत, जोर न देता फिरवावे. थर पहिल्या वेळी निम्मा निघेल आणि दुसऱ्या चादरीनंतर बहुतेक सगळा. जिथे जोर लावावासा वाटतो तिथे आणखी दहा मिनिटे भिजवावे. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. काळ्या थरात अडकलेली आपल्याकडची धूळ बारीक वाळूच असते आणि कोरडे घासले तर ती सँडपेपरसारखे काम करते.

रबरांवरच्या हिरव्या लेपासाठी शाम्पूचे पाणी आणि मऊ ब्रश बहुधा पुरतो, पण लेप पुसला म्हणजे शेवाळ मेले असे नाही. आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हिरवा रंग जातो, रबर स्वच्छ दिसते आणि मालक समजतो की उन्हाने काम केले. प्रत्यक्षात शेवाळ आणि हरिता दोन्ही वाळून निपचित पडून राहतात आणि पहिल्या चार सरींनंतर त्याच जागी पुन्हा हिरवी होतात. म्हणून धुतल्यावर मारण्याचे एक वेगळे काम करावेच लागते. त्यासाठी स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ते ब्रशने रबरांवर आणि खाचांत लावावे, दहा मिनिटे ठेवावे, वाळू देऊ नये आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. चकचकीत पट्ट्या आणि उघडे ॲल्युमिनियम यांवर ते सांडले तर लगेच धुवावे. लावण्यापूर्वी रबराच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात एकदा करून पाहावे. हे मी पुढच्या प्रत्येक द्रावणासाठी सांगत आहे असे समजावे.

आतल्या बीडिंगवरच्या बुरशीला व्हिनेगर थोडे कमी पडते. तिथे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसावे. थेट फवारू नये आणि बाजूच्या रंगावर ओघळू देऊ नये. फडके प्रत्येक वेळी घडी बदलून स्वच्छ बाजूने फिरवावे, नाहीतर बीजकण एका दारावरून दुसऱ्या दारावर नेले जातात. तरीही ठिपके दिसत असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून कापसाने लावावे आणि दहा मिनिटांनी पुसावे. यानंतर जे उरते तो बहुतेक वेळा मेलेल्या बुरशीचा रबरात मुरलेला डाग असतो. तो दिसतो, पण वाढत नाही, आणि त्याच्या मागे लागून रबर झिजवण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही एखाद्या जागी महिन्याभरात पुन्हा हिरवे दिसू लागले, तर शेवटचा उपाय म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड वापरता येते. नवापुरात कुक्कुटपालन मोठे असल्याने आपल्याकडे हे नाव अनेकांना ठाऊक असेल. शेड निर्जंतुक करण्याच्या अनेक द्रावणांत ते असते. मात्र त्याच बाटलीत ग्लुटरॅल्डिहाइडही असते का हे लेबलावर पाहावे आणि असेल तर ती बाटली गाडीसाठी घेऊ नये. ५० टक्क्यांचे द्रावण असल्यास एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर एवढे पुरे होते. मोजे आणि चष्मा घालूनच ते लावावे, दहा मिनिटांनी धुवावे, आणि ते पाणी विहिरीकडे, नाल्याकडे किंवा मासे असलेल्या हौदाकडे जाऊ देऊ नये, कारण माशांना ते घातक आहे.

या टप्प्यावर फोर्सचे पाणी चालेल, दोन अटींवर: नोझल पंख्यासारखे पसरणारे असावे आणि ते पत्र्यापासून दीड-दोन फूट दूर राहावे. रबराच्या कडेवर समोरून धार मारू नये आणि जिथे रंगाचा पापुद्रा आधीच उचललेला आहे तिथे तर मुळीच मारू नये.

शेवटच्या धुण्याच्या पाण्याविषयी एक सूचना. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार बरेच असतात आणि गाडी आपोआप वाळू दिली तर पांढरे ठिपके राहतात, जे शेवाळापेक्षा काढायला अवघड जातात. म्हणून सावलीत, कोरड्या फडक्याने लगेच टिपावे. अनेक घरांत आरओ यंत्राचे बाहेर टाकले जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. ते फरशीला वापरावे, गाडीला नव्हे.

आता रंगाचा प्रश्न. गाडी वाळल्यावर छतावर तिरप्या उजेडात पाहावे. जिथे हरिता किंवा चिकटा होता तिथे फिकट सावलीसारखी आकृती दिसू शकते. बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल तर मळ अजून बाकी आहे, आणि तो डिटेलिंगची क्ले (रंगाला चिकटलेला मळ उचलणारी मऊ, मातीसारखी वडी) शाम्पूच्या पाण्यावर हलकेच सरकवून काढावा. बोटाला गुळगुळीत लागते आणि तरीही सावली दिसते, तर वरच्या थराला किंचित खूण पडली आहे. ती हलक्या पॉलिशने बरीचशी जाते. इथे मिस्त्री "रबिंग मारून देतो", म्हणजे मशीनने रंग घासून चकाकी आणतो, म्हणतील. कपड्यावर थोडे पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात आपण स्वतः घासून पाहावे. कपडा पांढरा झाला तर आपल्या गाडीला पारदर्शक थर नाही, काही पांढऱ्या गाड्यांना तो नसतो, आणि अशा रंगावर मशीनचे रबिंग वारंवार करून घेणे म्हणजे रंगच काढून घेणे होय. छायाचित्रांवरून मला वाटते की आपल्या गाडीला पुन्हा रंग देण्याची गरज नाही. दोन ठिकाणी, छताच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि बोनेटच्या कडेला, पुसट खुणा राहतील. माझी गाडी असती तर मी त्या तशाच राहू दिल्या असत्या.

पॉलिशनंतर पत्र्यावर मेण किंवा सीलंट चढवावे आणि रबरांना पाण्यावर आधारित ड्रेसिंग किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. सिरॅमिक कोटिंग करावे का असेही आपण विचारले आहे. पत्र्यावर त्याचा उपयोग होतो, परंतु हिरवे उगवते ते पत्र्यावर कमी आणि खाचांमध्ये अधिक, आणि खाचांत कोटिंग पोहोचत नाही. केवळ शेवाळासाठी एवढा खर्च करू नये.

गाडी उभी कुठे करायची हे याहून महत्त्वाचे आहे. परदेशी पुस्तकांत उत्तरेची बाजू नेहमी हिरवी होते असे लिहिलेले असते, पण आपण २१ अंश अक्षांशावर राहतो. जूनच्या अखेरीस आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेची बाजू ओली राहते ती सप्टेंबरपासून पुढे, सूर्य दक्षिणेकडे सरकल्यावर. आपल्या गाडीची हिरवी झालेली बाजू भिंतीकडची आहे, आणि तिथे ऊनही नव्हते, वाराही नव्हता. भिंतीपासून हातभर तरी अंतर ठेवावे. ताडपत्री घालू नये. तिच्याखाली ओल कोंडते आणि काळे ठिपके दुप्पट वेगाने येतात. कव्हर घालायचेच असेल तर हवा खेळेल असे कापडी घ्यावे, आणि ते धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या गाडीवरच चढवावे.

दर आठवड्याला कोणाला तरी सांगून गाडी चार हात पुढेमागे करून घेतली आणि दारे अर्धा तास उघडी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि पुढच्या वर्षी मृग लागण्याआधी काचेच्या पायथ्याशी, जाळीवर, एक तांब्या पाणी सावकाश ओतून गाडीखाली वाकून पाहावे: पुढच्या चाकांच्या मागून पाण्याची धार लगेच खाली पडली पाहिजे. ती पडली नाही, किंवा थेंबथेंब गळत राहिली, तर जाळी काढून आतला पाला पुन्हा उपसावा.